लेन्स जोडलेली नाही

आईनं फ्रेम आधी आणली. फोटोचं नंतर बघू म्हणाली.

फ्रेम चांगली होती. काळं लाकूड, आत पांढरा पुठ्ठा, समोर काच. बाहेरच्या खोलीत बाबांच्या फोटोशेजारी तिनं ती थोरल्याकडून टांगून घेतली, मागे सरकून मान तिरकी करून बघितली आणि म्हणाली, "डावीकडे झुकलीय."

"अगं, रिकामी आहे ती."

"रिकामी आहे म्हणून काय वाकडी लावायची?"

थोरल्यानं खिळा उपटून परत ठोकला. तो चष्मेवाला होता. घराखालीच त्याचं दुकान होतं आणि लोकांच्या नाकावर चष्मे सरळ बसवण्यात जन्म गेल्यामुळे वाकडं काही त्यालाही खपत नसे. पण रिकाम्या फ्रेमसाठी दोनदा खिळा ठोकायचा म्हणजे जरा अतीच झालं, असं त्याला वाटलं. आईला तसं काही वाटत नव्हतं. शेजारच्या बाई गेल्या तेव्हा घरच्यांनी त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता, आणि त्यात त्या दुकानात काहीतरी उचलताना सापडल्यासारख्या दिसत होत्या. तेव्हापासून आपल्या मागे भिंतीवर काय लागणार, हे काम आईनं स्वतःकडे घेतलं होतं.

तिच्या अटी दोनच होत्या. एक म्हणजे तिला फोटोत हसायचं होतं. दात दाखवून, स्वतःच्या दातांनी. दुसरी म्हणजे फोटो बाबांच्याच लेन्सनं निघाला पाहिजे.

पहिली अट ऐकायला साधी वाटते. पण बाबा फोटोग्राफर होते, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी जन्मभर एकच सुनावलं : "हनुवटी खाली, ओठ मिटा, हसू नका." दात चमकले की माणूस उथळ दिसतो, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे आसपासच्या निम्म्या घरांत ओठ मिटलेली, जेवण खारट झाल्यासारखी माणसं अजून भिंतीवरून खाली बघत असतात. बायकोलाही त्यांनी सवलत दिली नाही. आईचे फोटो ढीगभर होते आणि एकातही दात नव्हते. आता पुढच्या महिन्यात एका गुरुवारी खरेही जाणार होते. दाताचा डॉक्टर समोरचे उरलेसुरले सगळे काढून पुढे कवळी बसवणार होता.

"कवळी हसेल ती माझी नव्हे," आई म्हणाली. "मला त्या लेन्ससमोर एकदा माझ्या दातांनी हसायचंय. बघू काय म्हणतात ते."

बाबांना जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, पण तो वाद तिच्या बाजूनं मिटलेला नव्हता.

गाडं अडत होतं ते दुसऱ्या अटीपाशी. बाबा गेल्यावर स्टुडिओतल्या सामानाची वाटणी झाली. खुर्च्या, पडदे, दिवे यांवरून काही झालं नाही. कॅमेऱ्यावरून झालं. थोरला म्हणाला, मी थोरला. धाकटा म्हणाला, स्टुडिओ मी चालवणार. दोन्ही मुद्दे बिनतोड होते, त्यामुळे आवाजच तेवढे चढत गेले. शेवटी आईनं कॅमेरा हातात घेतला, लेन्स फिरवून काढली, ती थोरल्याच्या हातावर ठेवली आणि उरलेला कॅमेरा धाकट्याच्या.

"आता एकाचं दुसऱ्यावाचून चालायचं नाही," ती म्हणाली होती. "गरज पडली की याल एकत्र."

ते काही आले नाहीत. थोरल्यानं लेन्स लोकरीच्या मोज्यात घालून कपाटात ठेवली आणि अधूनमधून काढून तो ती पुसत बसायचा. धाकट्यानं कॅमेरा स्टुडिओतल्या काचेच्या कपाटात मांडला आणि त्याच्या उघड्या तोंडावर डब्याचं झाकण बसवलं. घरं तीन गल्ल्यांच्या अंतरावर, पण दोघांनी मिठाची गुळणी धरलेली. आई रविवारी धाकट्याकडे जायची, एरवी थोरल्याकडे असायची. दोन्ही सुना रोज दुपारी फोनवर तासभर बोलायच्या. भांडण नवऱ्यांचं होतं, त्यात त्यांनी कधी लक्ष घातलं नाही.

"लेन्स आहे, कॅमेरा आहे," आई आता म्हणाली. "पुढचं तुम्ही दोघं बघा."

थोरल्याला त्यातला डाव कळला. एवढं तर त्याला चष्म्याशिवायही दिसत होतं.

त्याची सुटका एका गिऱ्हाइकानं केली. तरुण माणूस, गळ्यात नवाकोरा कॅमेरा आणि त्याच्या तोंडावर आजोबांच्या वेळची लेन्स.

"ही यावर कशी बसली?" थोरल्यानं विचारलं.

"मिररलेस आहे, काका. आत आरसा नाही, म्हणून कॅमेरा चपटा. जी जागा वाचते तिथं अडॅप्टर बसवायचा. म्हणजे एक कडं. त्याच्या एका तोंडाला लेन्स, दुसऱ्याला कॅमेरा. कुठलीही जुनी लेन्स चालते. फोकस तेवढा हातानं करावा लागतो."

"आणि तिचा मूळचा कॅमेरा?"

"त्याची गरजच काय?"

हे वाक्य थोरल्याला इतकं आवडलं की गिऱ्हाइकाच्या चष्म्याचे सगळे स्क्रू त्यानं न सांगता आवळून दिले. त्याच आठवड्यात त्यानं एक वापरलेला मिररलेस कॅमेरा घरी आणला आणि आईपुढे ठेवला.

"म्हणजे धाकट्याच्या कॅमेऱ्याची गरज नाही?" आईनं विचारलं.

"अजिबात नाही."

"अस्सं," आई म्हणाली आणि उठून रिकामी फ्रेम पुसायला लागली.

पण बाबांच्या लेन्सचे आटे जगावेगळे निघाले. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि तिच्यासाठी तयार अडॅप्टर कुणी विकत नव्हतं. मग थोरला लेथवाल्याकडे गेला. लेथवाल्यानं लेन्स उलटसुलट करून बघितली, हिचे आटे कापून देतो म्हणाला, कॅमेऱ्याकडची बाजू एका तयार रिंगची घेऊ म्हणाला. "फक्त जाडी किती ठेवायची ते सांगा."

हा मात्र थोरल्याच्या हातचा मळ होता. दुकानाच्या खिडकीत त्यानं लेन्स धरली, तिचं फोकसचं कडं लांबच्या टोकाला फिरवलं आणि मागे बटर पेपर पुढेमागे सरकवत राहिला. समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी कागदावर उलटी उतरली आणि एका जागी अगदी रेखीव झाली. तेवढं अंतर त्यानं मोजून घेतलं आणि त्यातून नव्या कॅमेऱ्याची आतली खोली वजा केली. इतका आनंद त्याला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. धाकट्याला हे जमलं नसतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

रिंग झाली. लेन्स बसली. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिचा चेहरा आला, एकेक सुरकुती मोजून घ्यावी इतका स्वच्छ. थोरल्यानं बटण दाबलं. काही झालं नाही. पडद्यावर अक्षरं उमटली, त्यांचा अर्थ एवढाच होता : लेन्स जोडलेली नाही.

"नाही कशी?" थोरला कॅमेऱ्याला म्हणाला. "मग ही बाई तुला कुठून दिसतेय?"

कॅमेरा आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला.

"सैल बसत असणार," लेथवाला म्हणाला आणि त्यानं रिंग घट्ट केली. लेन्स जोडलेली नाही. "आत या पितळी टिकल्या आहेत ना, त्यांना काहीतरी टेकायला पाहिजे," लेथवाला पुन्हा म्हणाला आणि त्यानं आत पत्र्याची चकती घातली. लेन्स जोडलेली नाही. मग त्यावर आणखी एक चकती. दोघंही आपापल्या कामात तरबेज होते आणि दोघांनाही मिररलेस कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे त्यांचं एकमेकांशी चटकन पटत गेलं. चकत्यांनी रिंग जाड झाली, लेन्स पुढे सरकली आणि समोरच्या गच्चीवरची टाकी धूसर झाली. कॅमेऱ्याच्या लेखी जी लेन्स नव्हतीच, तिचं चित्र मात्र बिघडलं होतं.

ज्या गिऱ्हाइकामुळे हे सुरू झालं त्याला विचारावं, तर थोरल्यानं त्याचा नंबर घेतला होता तो फक्त डोळ्यांचा.

"अहो, भाऊजींना विचारू का?" बायको म्हणाली. "त्यांच्या स्टुडिओत असलेच कॅमेरे आहेत."

"जगात काय तो एकटाच आहे?"

"तीन गल्ल्यांत तरी एकटाच आहे."

तिनं जावेला फोन लावला, जावेनं नवऱ्याला विचारलं, आणि त्याच वाटेनं उत्तर परत आलं : असं फोनवर नाही सांगता येत, कॅमेरा घेऊन या म्हणावं.

"मी जाऊ? त्याच्याकडे?" थोरला म्हणाला. "नाक घासत?"

"भाऊजी काय म्हणाले ते मी आपलं सांगितलं," बायको म्हणाली.

दात जायच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी आई ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून पुन्हा खिडकीपाशी बसली. तिनं आरशासमोर हसण्याची तयारी केली होती. थोरल्यानं लेन्स काढून परत लावली, बॅटरी काढून परत घातली, कॅमेरा बंद करून चालू केला, आणि प्रत्येक वेळी आई हसली. पहिल्यांदा छान हसली. मग जरा ओढून. मग गाल दुखायला लागले तेव्हा तिनं हातानं चोळून घेतले आणि तोंड मिटलं.

"राहू दे," ती म्हणाली. "जुन्यातला एखादा लाव त्यात. ओठ मिटायची मला सवय आहे."

ती रागानं म्हणाली असती तर थोरल्यानं काहीतरी उलट उत्तर दिलं असतं. ती रागानं म्हणाली नव्हती. आपण आईचा फोटो काढत नसून धाकट्याचं नाक कापत होतो, आणि त्यात आईचे दात चालले होते, हे त्याला लख्ख कळलं. त्यानं कॅमेरा काखोटीला मारला आणि चपला घातल्या.

"कुठं निघालास?" आईनं विचारलं.

"येतो," तो म्हणाला. "तू इथून हलू नको."

धाकट्याचा स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली होती. मागे पांढरा पडदा, पुढे स्टूल, बाजूला आरसा आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. दाराशी काचेचं कपाट होतं आणि त्यात बाबांचा कॅमेरा, तोंडावर डब्याचं झाकण. थोरल्याची नजर आधी तिथंच गेली. कॅमेऱ्यावर धुळीचा कण नव्हता. कुणीतरी तो रोज पुसत होतं.

धाकट्यानं कॉम्प्युटरवरून मान वर केली. बराच वेळ बघितलं.

"पासपोर्ट की ओळखपत्र?" त्यानं विचारलं.

"कॅमेरा दाखवायचाय."

"बसा."

थोरला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. दुसरं काही बसायला नव्हतं.

"लेन्स नाही म्हणतोय," तो म्हणाला.

धाकट्यानं कॅमेरा घेतला. लेन्स बघून त्याचा हात क्षणभर थांबला. हात लांब करून, मान मागे घेऊन, चष्मा कपाळाकडे सरकवून मग परत नाकावर ओढून तो पडद्यावर काहीतरी वाचू लागला. चष्म्याची एक दांडी चिकटपट्टीनं बांधलेली होती आणि सबंध चष्मा उजवीकडे उतरला होता. थोरल्याचे हात शिवशिवले. त्यानं ते मांडीखाली दाबून धरले.

धाकट्यानं दोन-तीन बटणं दाबली, कॅमेरा थोरल्याकडे रोखला आणि खट्‌ आवाज झाला.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच. जुनी लेन्स त्याला काही सांगत नाही, म्हणून तो समजतो लेन्सच नाही. आत एक सेटिंग असतं. लेन्स नाही असं वाटलं तरी फोटो काढ, असं त्याला एकदा सांगून ठेवायचं."

"हे फोनवर सांगता आलं असतं."

"आलं असतं," धाकटा म्हणाला.

धाकटा आत्ताच निघालेला फोटो बघत होता. त्यात थोरला स्टुलावर बसला होता, हनुवटी खाली, ओठ मिटलेले.

"बाबा दिसतात रे यात," तो म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, "पण मागचं सगळं पुसट आलंय. अडॅप्टर जाड झालाय तुझा. खोलीबाहेरचं काही यायचं नाही हिच्यात."

"आई खोलीतच बसलीय. दुपारपासून. उद्या तिचे दात काढणार आहेत."

"माहितीये मला," धाकटा म्हणाला. त्यानं कोपऱ्यातला थर्माकोलचा मोठा पांढरा तुकडा उचलला, दिवे बंद केले आणि दाराला कुलूप लावलं. कुणी कुणाला चल म्हटलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी थोरल्याला राहवेना. "काढ तो चष्मा."

"का?"

"वाकडा आहे. कुणी दिला?"

"रेडीमेड आहे. रस्त्यावरचा."

"सख्खा भाऊ चष्मेवाला आणि डोळ्यांवर रस्त्यावरचा चष्मा! लोक काय म्हणतील?"

"सख्खा भाऊ बोलत नव्हता," धाकटा म्हणाला, पण चष्मा काढून त्यानं त्याच्या हातात दिला. थोरल्यानं तो खिशात घातला, परत द्यायचा नाही असं ठरवूनच.

आई खुर्चीत पेंगत होती. दारात दोघं दिसले तशी ती सावरून बसली, पण तोंडानं एवढंच म्हणाली, "उजेड जाईल, लवकर आटपा."

धाकट्यानं खुर्ची खिडकीकडे जरा तिरकी केली. थर्माकोल मोठ्या सुनेच्या हातात देऊन सावलीच्या बाजूला उभं केलं. मग कॅमेरा डोळ्यांशी धरला, खाली घेतला, परत धरला.

"दादा, मला फोकस दिसत नाही. चष्मा दे."

"तो चष्मा नव्हेच. त्यानं दिसणार नाही."

"माझे कॅमेरे आपले आपण फोकस करतात रे. एवढं बारीक बघायची सवय गेली."

थोरल्याला दिसत होतं. पापणीचा केस रेघेसारखा कधी होतो आणि कधी फुगतो, हे बघण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. पण माणूस कुठल्या क्षणी टिपायचा, हे त्याला कधी कळलं नव्हतं. शेवटी धाकट्यानं कॅमेरा दोन्ही हातांनी धरून बोट बटणावर ठेवलं आणि नजर आईवर. थोरला त्याच्या खांद्यावरून वाकून पडदा बघत लेन्सचं कडं फिरवायला लागला. एका कॅमेऱ्यामागे दोन पोक्त माणसं मावत नव्हती.

"हनुवटी खाली," धाकटा सवयीनं म्हणाला, "ओठ मि..."

"गाढवा, हसायचंय तिला."

"हो, हो. आई, हस."

आई हसायला गेली आणि जमेना. ओठ थरथरले, डोळे भरून आले. दुपारभर हसून झालं होतं आणि आता, ज्याच्यासाठी हसायचं ते सगळं समोर असताना, चेहरा भलतीकडेच चालला होता.

"फोकस झाला का?" धाकट्यानं विचारलं.

"तू हलू नको म्हणजे होईल."

"मी नाही हलत. तुझं डोकं माझ्या कानाला लागतंय."

"कान आत घे मग."

"आई, हा बघ मला ढकलतोय!"

पन्नाशी उलटलेला माणूस हे म्हणाला. आणि आईला हसू फुटलं. तोंड उघडून, मान मागे टाकून, डोळ्यांतलं पाणी गालावर येईपर्यंत ती हसली, आणि तेवढ्यात खट्‌ आवाज झाला.

थोरल्यानं पडद्यावर फोटो मोठा करून बघितला. दात मोजता येत होते. "खालचा एक काळा आलाय," तो म्हणाला. "कॉम्प्युटरवर पांढरा करता येतो म्हणे."

"करतो," धाकटा म्हणाला.

"हात लावाल तर याद राखा," आई म्हणाली. "तोही माझाच आहे."

गुरुवारी दात गेले. रविवारी आई धाकट्याकडे गेली नाही, धाकटाच फोटो छापून घेऊन इकडे आला. नाकावर थोरल्यानं बनवलेला नवा चष्मा होता, आणि तो सरळ होता. फोटो फ्रेममध्ये बसला. बाबा ओठ मिटून बघत होते आणि शेजारी आई त्यांच्या तोंडावर हसत होती. खालचा काळा दातही होता. आई बराच वेळ समोर उभी राहिली. "आता बोला," ती बाबांच्या फोटोला म्हणाली.

चहा झाला. धाकट्यानं कप खाली ठेवला. "दादा, लेन्स काही दिवस माझ्याकडे ठेवू का? तिच्यात चेहरे वेगळेच येतात. आणि तशी ती स्टुडिओचीच."

"स्टुडिओची कशी? माझ्या वाट्याला आलीय ती," थोरला म्हणाला. "लागेल तेव्हा मागून ने. मला तर आता तुझ्या कॅमेऱ्याचीही गरज नाही. माझ्याकडे अडॅप्टर आहे."

"सेटिंग कुणी करून दिलं?"

"फोनवर सांगता आलं असतं!"

आवाज चढायला लागले. दोन्ही मुद्दे पुन्हा बिनतोड होते. आई उठली. तिनं टेबलावरचा कॅमेरा घेतला आणि लेन्स फिरवून काढली, अगदी तेव्हा काढली होती तशीच. मग अडॅप्टर काढला. लेन्स थोरल्याच्या हातावर ठेवली, कॅमेरा धाकट्याच्या. अडॅप्टर तिनं आपल्या बटणांच्या डब्यात टाकला आणि झाकण दाबून बसवलं.

"आई, तो माझा आहे!" थोरला म्हणाला.

"आणि कॅमेरा पण त्याचाच आहे," धाकटा म्हणाला, "मला कशाला देतेस?"

"लागेल तेव्हा दोघांनी बरोबर यायचं आणि माझ्याकडे मागायचं," आई म्हणाली. दातांशिवाय तिच्या शब्दांना वारा लागत होता, पण समजायला काही अडचण नव्हती. "एकट्यानं आलात तर मिळायचं नाही."

"अगं, पण हे असं..."

"माझंच चुकलं तेव्हा," आई म्हणाली. तिनं डबा मांडीवर घेतला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. "घरात वाटेकरी उरले होते तीन, आणि वाटण्या मी दोनच केल्या."